पैसे राजाचे, पण किल्ली कोणाकडे? (वावेलच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. एवढी लांब प्रतिक्रिया टाईप केलीत त्याबद्दल आधी थँक्यू, खरंच, कारण "मस्त लेख" आणि एक अंगठा याच्या पुढे इथे सहसा कोणी जात नाही. कमेंटच्या खोक्यात उत्तर मावेना म्हणून वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पोलंडमधल्या क्राकूफचं वावेल कॅथेड्रल राजांनी बांधलं, राजांच्या पैशाने, राजे तिथेच मुकुट घालायचे आणि तिथेच पुरले जायचे, बिशप म्हणजे राजाने नेमलेले नोकर, आणि मी मात्र पाद्र्यांचं कौतुक करत अर्धा लेख घालवला. वर राजाने मारलेल्या बिशपच्या, म्हणजे संत स्तानिस्वाफच्या, शरीराचे तुकडे परत जोडले गेले ही "भाकडकथा" मी इतिहास म्हणून खपवली, तेव्हा तो उतारा काढून टाका. आणि २०१० मधलं पोलंडचे अध्यक्ष काचिन्स्की यांचं तिथलं दफन हे आजचं राजकारण, त्याचा कॅथेड्रलच्या इतिहासाशी काय संबंध.

कौतुक नक्की कुठल्या ओळीत केलं ते मला काही सापडलं नाही, पण ते जाऊदे. मुद्द्यावर येतो.

पहिलं म्हणजे बांधलं कोणी. आज उभी आहे ती तिथली तिसरी इमारत. इसवी सन १००० मधे क्राकूफला बिशपची गादी मिळाली, त्यानंतर पहिली झाली, मग दुसरी, आणि तिचं तळघर म्हणजे सेंट लिओनार्डची क्रिप्ट अजून शाबूत आहे, जाड खांबांची आणि बुटक्या कमानींची. १३०५ मधे ती दुसरी इमारत जळाली. तिसरीचं काम १३२० मधे सुरू झालं ते बिशप नान्करच्या काळात. त्याच वर्षी जानेवारीत व्वादिस्वाफ वोकिएतेक याला वावेलवर मुकुट घातला गेला, म्हणजे राजा आणि नवी इमारत एकदमच, हे तुमच्या बाजूचं आहे, मान्य. पण याच वोकिएतेकचं नान्करशी पटलं नाही आणि १३२६ मधे नान्कर क्राकूफ सोडून व्रोत्सवाफला गेला. आणि नान्करच्या आधीचा बिशप यान मुस्काता, तो तर उघड उघड बोहेमियाच्या राजाच्या बाजूने वोकिएतेकच्या विरोधात होता. नोकर म्हणे!

पैशाचं म्हणाल तर राजांनी ओतला, भरपूर ओतला, मी कुठे नाही म्हणालो. झिगमुंत पहिला याने फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ बेरेच्चीकडून १५१९ ते १५३३ मधे जी चॅपल बांधून घेतली, सोन्याच्या घुमटाची, ती बघून आल्प्सच्या उत्तरेला रेनेसान्सचं इतकं शुद्ध काम दुसरं नाही असं म्हणणारे खूप जण आहेत आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. त्याचीच १५२० ची घंटा, साडेबारा टनांच्या आसपास, ओढायला बारा माणसं लागतात. पण देवळाला सोन्याचा कळस देणाऱ्याची पाटी भिंतीवर लागते म्हणून गाभाऱ्याची किल्ली काही त्याच्याकडे जात नाही ना? माझा अख्खा लेख त्या किल्लीबद्दल, म्हणजे आत कोणाचं चालतं याबद्दल होता, कळसाबद्दल नाही.

आता उदाहरणच घ्या. काझिमिएश तिसरा, ज्याला पोलिश लोक "महान" म्हणतात आणि म्हणावं असाच राजा होता, त्याचं बिशप बोद्झान्ताशी भांडण झालं आणि बिशपने त्याच्यावर धर्मबहिष्कार घातला. तो हुकूम राजापर्यंत पोचवायचं काम कॅथेड्रलमधल्या मार्चिन बारिच्का नावाच्या साध्या पाद्र्यावर आलं, आणि डिसेंबर १३४९ मधे राजाच्या हुकमाने त्याला व्हिस्तुला नदीत बुडवून मारलं. डिसेंबरमधली पोलंडमधली नदी, कल्पना करा. पुढे राजाने प्रायश्चित्त म्हणून चर्चेस बांधून दिली, विशलित्सा, शिद्वूफ, स्तोप्नित्सा वगैरे गावांत, असं इतिहासकार द्वुगोशने लिहून ठेवलंय. आणि १३६४ मधे वावेलचं नवं कॅथेड्रल विधिवत पवित्र केलं गेलं तेव्हा गादीवर राजा तोच होता आणि क्राकूफचा बिशपही तोच, बोद्झान्ता. पंधरा वर्षांपूर्वी एकाने दुसऱ्याच्या माणसाला नदीत टाकलं होतं आणि आता दोघांच्या नावावर एक इमारत. तुम्ही म्हणताय तसं मालक आणि नोकर असं सरळ नातं असतं तर ना बहिष्कार झाला असता ना प्रायश्चित्ताची चर्चेस.

आता त्या "भाकडकथे"कडे. इथे मला वाटतं तुम्ही उतारा घाईत वाचलात, कारण तुकडे जोडले गेले असं मी म्हटलेलंच नाही, जोडले गेले असं *सांगितलं गेलं* असं म्हटलंय आणि कोणी, कधी, कशासाठी हे पुढच्याच वाक्यात आहे. परत सांगतो. १०७९ मधे राजा बोलेस्वाफ दुसरा याने बिशप स्तानिस्वाफला ठार केलं किंवा करवलं, एवढं पक्कं. त्यानंतर राजाला पळून हंगेरीला जावं लागलं, हेही पक्कं. का मारलं यावर मात्र वाद आहे. सगळ्यात जुना लेखक गाल अनोनिमस, म्हणजे घटनेनंतर तीसेक वर्षांनी लिहिणारा, तो बिशपला चक्क द्रोही म्हणतो आणि लगेच हेही म्हणतो की द्रोही बिशपची मी बाजू घेत नाही पण राजाने असा सूड उगवला त्याचंही समर्थन करत नाही. बघा, मी जर पाद्र्यांचा भाट असतो तर हे वाक्य लेखात घातलं असतं का?

साधारण १२०० च्या सुमाराला दुसरा लिहितो, विन्सेन्ती काद्वुबेक, आणि त्याच्याकडे गोष्ट पूर्ण फिरलेली आहे. राजा क्रूर, स्वतःच्या हाताने वेदीपाशी मारतो, शरीराचे तुकडे करून फेकतो, गरुड येऊन राखण करतात, तुकडे परत एक होतात. हा काद्वुबेक कोण तर पुढे स्वतः क्राकूफचा बिशप झालेला माणूस! मग १२५३ मधे असिसी इथे पोप इनोसंट चौथा स्तानिस्वाफला संत जाहीर करतो, आणि त्याच्या नव्या चरित्रात एक वळण येतं की जसं संताचं शरीर जुळून आलं तसंच तुकडे झालेलं पोलंडचं राज्यही एक दिवस जुळेल. पोलंड ११३८ पासून भावाभावांत वाटला गेलेला होता. मग सांगा, १३२० मधे वोकिएतेकने मुकुट घालायला परंपरेतलं ग्नियेझ्नो सोडून वावेल धरलं, जिथे या संताची कबर आहे, तिथे ही कथा काहीच काम करत नव्हती? १०७९ मधे काय झालं याचा ती कथा काडीचाही पुरावा नाही, पण तेराव्या चौदाव्या शतकात लोक काय मानत होते आणि राजाला कशाचा आधार लागत होता याचा ती पुरावा आहेच. इतिहासात खोट्या गोष्टीसुद्धा वाचाव्या लागतात, कोणी का सांगितल्या हे खरं असतं म्हणून.

आणि पुढे तर प्रथाच पडली की राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी होणाऱ्या राजाने वावेलवरून चालत स्काऊकाला जायचं, जिथे बिशप मारला गेला असं मानतात तिथे, कोणा पूर्वीच्या राजाने केलेल्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून. मालक असा नोकराच्या माफीसाठी पायी जातो होय? कॅथेड्रलच्या आत पाऊल टाकलं की मधोमध, छत्रीखाली, चांदीची शवपेटी आहे ती स्तानिस्वाफची (आत्ताची पेटी १६६९ ते १६७१ मधे ग्दान्स्कच्या पेटर फान डेर रेन्नेनने घडवलेली), आणि राजे सगळे कडेकडेला, बाजूच्या चॅपल्समधे नाहीतर खाली तळघरात. राजा यागिएवोने १४१० मधे ग्रुनवाल्डला ट्यूटॉनिक सरदारांना (जर्मन धर्मयोद्ध्यांना) हरवून त्यांचे झेंडे आणले ते लटकवले याच संताच्या थडग्याजवळ. स्वतःच्या सिंहासनाजवळ नाही.

अर्थात तुमचं "नेमलेले नोकर" एका काळापुरतं बरोबर आहे आणि तो काळ कोणता ते सांगतो, कारण ही गोष्ट मला फार आवडते आणि लेखात जागेअभावी गेली नव्हती. झ्बिग्न्येफ ओलेश्नित्स्की, ग्रुनवाल्डच्या लढाईत यागिएवोचा जीव वाचवणारा पोरगा, पुढे क्राकूफचा बिशप, मग कार्डिनल, आणि यागिएवो गेल्यावर बालराजाच्या काळात देश जवळजवळ तोच चालवत होता. हा १४५५ मधे वारला. यागिएवोचा धाकटा मुलगा काझिमिएश चौथा याला असला बिशप परत नको होता. १४६० मधे गादी रिकामी झाली तेव्हा एका खुर्चीला तीन उमेदवार: पोपचा एक, कॅथेड्रलच्या पाद्र्यांच्या मंडळाने निवडलेला एक, राजाचा एक. तीन वर्षं भांडण चाललं, पोपच्या माणसाची बाजू घेतली म्हणून द्वुगोशला, हो तोच इतिहासकार, शहर सोडावं लागलं, आणि १४६३ मधे राजाचा माणूस बसला. तिथून पुढे बिशप कोण हे व्यवहारात राजा ठरवायला लागला, इतकं की काझिमिएशचा स्वतःचा मुलगा फ्रिदेरिक वीस वर्षांचा असताना क्राकूफचा बिशप झाला. पण मग १४६३ च्या आधीची साडेचारशे वर्षं तुम्ही कुठे टाकलीत?

आणि नंतरचीही. कारण १७९५ ला पोलंडच नकाशावरून गेला, राजे संपले, आणि किल्ली उरली फक्त पाद्र्यांकडे. आता काचिन्स्की विषय का घेतला ते ऐका. कवी युलिउश स्वोवात्स्की पॅरिसला पुरलेला होता, १९०९ मधे त्याची शंभरी, लोकांना त्याला वावेलला आणायचं होतं, कार्डिनल पुझिनाने साफ नकार दिला. (हा पुझिना म्हणजे १९०३ च्या पोप निवडणुकीत ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा नकाराधिकार वाचून दाखवणारा, म्हणजे सम्राटाचा निरोप्या व्हायला त्याची हरकत नव्हती, कवीला जागा द्यायला होती.) १९२७ मधे, परत स्वतंत्र झालेल्या पोलंडचा नेता मार्शल पिवसुद्स्की याच्या पुढाकाराने स्वोवात्स्की अखेर आला आणि त्याला राजांमधे ठेवा, तो राजांच्या बरोबरीचा आहे, अशा अर्थाचं पिवसुद्स्की बोलला.

मग १९३५ मधे पिवसुद्स्कीच वारला आणि वावेलला आला, सेंट लिओनार्डच्या क्रिप्टमधे, राजा सोबिएस्की आणि सेनानी कोश्चुश्कोच्या शेजारी. आर्चबिशप होता आदाम सापिएहा. दोन वर्षांनी, जून १९३७ मधे, याने ठरवलं की मार्शलची शवपेटी चांदीच्या घंटांच्या मनोऱ्याखाली हलवायची. राष्ट्राध्यक्षांनी नको म्हणून कळवलं. सापिएहाने रातोरात हलवली. देशभर गदारोळ, पंतप्रधानांनी राजीनामा पुढे केला (तो स्वीकारला गेला नाही), निदर्शनं झाली, आणि पेटी तिथेच राहिली, आजही तिथेच आहे. सैन्य, सरकार, वर्तमानपत्रं एका बाजूला आणि एक म्हातारा पाद्री दुसऱ्या बाजूला. त्यानंतर नऊ वर्षांनी त्याच सेंट लिओनार्डच्या क्रिप्टमधे सापिएहानेच दीक्षा दिलेल्या एका तरुणाने आपला पहिला मिस्सा (पाद्री म्हणून पहिली उपासना) केला, कारोल वोयतिवा, पुढचा पोप जॉन पॉल दुसरा.

आणि २०१० मधे स्मोलेन्स्कच्या विमान अपघातानंतर अध्यक्ष लेख काचिन्स्की आणि त्यांच्या पत्नी मारिया यांना वावेलला पुरणार हे लोकांना सांगितलं कोणी? क्राकूफचे कार्डिनल स्तानिस्वाफ द्झिविश यांनी. क्राकूफच्या रस्त्यावर लोक फलक घेऊन उतरले की हा राजांच्या तोडीचा माणूस होता का, हा निर्णय कोणाला विचारून, आणि बरोबर तोच प्रश्न १९०९ ला उलट्या बाजूने विचारला गेला होता. याला तुम्ही इतिहास नाही म्हणता? मला विचाराल तर त्या दफनाचा निर्णय घाईचा होता, पण तो कॅथेड्रलच्या इतिहासाबाहेरचा अजिबात नव्हता.

दोन किरकोळ गोष्टी. दरवाजापाशी साखळीने टांगलेली हाडं ड्रॅगनची असल्याचं मी म्हटलेलं नाही, ती मॅमथ, गेंडा आणि देवमाशाची मानतात, आणि ती पडली की जग बुडेल ही समजूत मी गंमत म्हणून दिली होती. आणि "पोलंडशी आपला काय संबंध" म्हणाल तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पाच हजाराच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, त्यांनी तिथे स्वतःचं चर्चही चालवलं, तेव्हा अगदीच काही नाही असं नाही. पण संबंध नसता तरी लिहिलं असतं.

उतारा राहील तसाच. तुम्हाला तुमचा "नोकर" मुद्दा खरंच लावून धरायचा असेल तर सोळाव्या शतकातल्या प्योत्र गाम्रातवर लिहा, राणी बोनाच्या मर्जीतला माणूस, एकाच वेळी क्राकूफचा बिशप आणि ग्नियेझ्नोचा आर्चबिशप, आणि खाण्यापिण्याबद्दल बदनाम. तुमच्या बाजूचं त्याच्यापेक्षा भारी उदाहरण मला तरी माहीत नाही. लिहिलंत तर इथेच लिंक टाका, वाचतो.