‘झटका द्या, बायोप्सी टाळा’ या मेसेजबद्दल खुलासा

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘विजेच्या झटक्याने कातडीचा कॅन्सर लगेच कळतो, बायोप्सी नको.’ (बायोप्सी म्हणजे शरीरातला छोटा तुकडा काढून केलेली तपासणी.) यात अर्धंच खरं आहे. इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी पद्धत अभ्यासली आहे, पण वीज निदान करत नाही. सुईवाटे अतिसूक्ष्म वेळेचे झटके दिले की पेशींच्या आवरणाला बारीक छिद्रं पडतात; त्यातून बाहेर आलेली प्रथिनं आणि आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारे रेणू) ओढून घेऊन प्रयोगशाळेत तपासतात. म्हणजे सुई आलीच! दवाखान्यात आजही बायोप्सीच करतात: जागा बधिर करून ३-४ मिलिमीटरचा तुकडा काढतात, फॉर्मॅलिनच्या (तुकडा खराब होऊ न देणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत टाकतात आणि पॅथॉलॉजिस्ट तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. जखम भरत नसेल, तीळ रंग-आकार बदलत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरच्या शेकाच्या मशीनवर प्रयोग तर नकोच. तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला, तिथे हे टाका.