ओपन स्पेसचा पैसा रहिवाशांच्या हाती द्या

धुळ्यात देवपुरातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. ओपन स्पेस, म्हणजे कॉलनीसाठी राखलेली मोकळी जागा; तिच्याजवळचा दिवा बंद आहे, बोअरची मोटार जळाली आहे आणि निधी मंजूर झालाय तो पेव्हर ब्लॉकसाठी. काही म्हणतात, मिळतंय ते पदरात पाडून घ्या, नाहीतर तेही दुसऱ्या प्रभागात जाईल. काही म्हणतात, वर्गणी काढू आणि मोटार भरून आणू. बाकीच्यांचा सवाल असा, की घरपट्टी भरतो, मग वर्गणी कशाला?

मी राहतो अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात. इथे कारखान्यात बनवून आणलेल्या घरांच्या वस्त्या पुष्कळ आहेत. घर रहिवाशाचं, पण खालची जमीन मालकाची आणि तिचं भाडं दरमहा. मालकाने जमीन विकायला काढली की सगळी वस्ती धास्तावते, कारण घर उचलून दुसरीकडे नेणं म्हणण्याइतकं सोपं नसतं. १९८४ साली मेरेडिथ गावातल्या १३ कुटुंबांनी सहकारी संस्था काढली, कर्ज उभं केलं आणि आपल्या घरांखालची जमीन स्वतःच विकत घेतली. तोच कित्ता पुढे देशभर गिरवला गेला. त्यासाठी २००८ मध्ये ‘आरओसी यूएसए’ ही संस्था उभी राहिली.

अशा वस्त्यांना सुधारणांसाठी मधूनमधून छोटी अनुदानं मिळतात, काही हजार डॉलरची. माझा एक सहकारी अशाच वस्तीत राहतो. त्याच्या ओळखीने मी त्यांच्या सभेला जाऊन बसलो होतो. मागण्या तीन: टपालपेट्यांवर छप्पर, मुलांसाठी झोपाळे आणि वळणावर दिवा. दिव्याच्या बाजूने बहुतेकांचं मत होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या आजींनी विचारलं, दिव्याचं बिल दरमहा कोण भरणार? त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी सौरदिवा ठरला, त्याच्यावरचा बर्फ कोण झाडणार त्याचं नाव वहीत लिहिलं गेलं आणि मग हात वर झाले. घराला एक मत. तो अर्धा तास मला अनुदानाच्या रकमेपेक्षा मोलाचा वाटतो. आमच्या ओपन स्पेसमध्ये खुली व्यायामशाळा बसवली तेव्हा तिला तेल-पाणी कोण करणार, हे कुणी कुणाला विचारलंच नाही, कारण ठरवणारे कॉलनीत राहत नव्हते.

इथलं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. या वस्त्यांवर कर्जाचं ओझं आहे. जुन्या जलवाहिन्या आणि सांडपाण्याच्या टाक्या बदलायच्या म्हटल्या तर लाखो डॉलर लागतात. तिथे छोटं अनुदान कुठल्या कुठे जातं. कामाला पुढे येणारी माणसंही तीच तीच. शिवाय आतले रस्ते वस्तीच्याच मालकीचे, म्हणून खर्चही तिच्याच माथी. आपल्याकडे रस्ता, गटार आणि नळाचं पाणी ही महापालिकेची जबाबदारी आहे. घरपट्टीचा सवाल करणाऱ्यांचं एवढं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. अनुदानाच्या नावाखाली पालिकेला त्यातून सुटू देता कामा नये.

पण ओपन स्पेस, बाकं, झाडं, दिवा आणि बोअरची मोटार यांचं काय? माझा मोठा भाऊ फोनवर अहिराणीत म्हणाला, “भाऊ, आठे कोन देस पैसा?” म्हणजे इथे कोण देतं पैसा? पैसा येतो की! एका खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात. आमदारांचा निधी वेगळा. तो आपल्यापर्यंत ठेकेदाराच्या हातून, ठरलेल्या कामाच्या रूपात येतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात, तरी काम पालिकाच करते. मला त्याच्या पुढचं पाऊल हवं आहे: लाख-दीड लाखाची रक्कम थेट रहिवासी मंडळाच्या खात्यात.

“अध्यक्षच खाऊन टाकेल,” ही भीती ग्रुपवर लगेच निघाली, आणि ती खोटी नाही. म्हणून मंडळ नोंदणीकृत हवं, खात्यावर दोन सह्या हव्यात, पहिल्या हप्त्याचा हिशेब चौकात लावल्याशिवाय दुसरा हप्ता नको. भाडेकरूंनाही मत हवं. दिव्याखालून तेही जातात. अडचण अशी की फ्लॅटच्या सोसायटीला उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी काढावा लागतो, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का. प्लॉटच्या कॉलन्यांना असं काहीच बंधन नाही. बऱ्याच ठिकाणी नोंदलेलं मंडळसुद्धा नाही. सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आपल्या लोकांना हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी पांझरा नदीकाठची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनीच चालवलेली सिंचनाची जुनी पद्धत आठवावी. कित्येक पिढ्या शेतकऱ्यांनी बंधारे आणि पाट स्वतः सांभाळले. कुठल्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कुठलं पीक घ्यायचं ते एकत्र बसून ठरवलं, पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या नेमले, त्यांचा मोबदला धान्यात दिला, हंगामाआधी गाळ काढायला सगळे उतरले. त्याच नदीच्या काठी आमचं देवपूर आहे.

२०२३ अखेर धुळे महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा दिव्याची तक्रार घेऊन जायला प्रभागात नगरसेवकच उरला नव्हता. त्या काळात मंडळाच्या खात्यात लाखभर रुपये असते तर दिवा आठवड्यात चालू झाला असता. पुढच्या अंदाजपत्रकात महापालिकेने निदान एका प्रभागात तरी हे करून पाहावं. आमच्या कॉलनीने त्याआधी मंडळ नोंदवून ठेवावं. नोंदणीच्या खर्चातला माझा वाटा मी भावाकडे पाठवला आहे.