प्रवासी देवो भव, सुविधा शुल्क वेगळे

स्वस्त विमान तिकिटांची तुलना करणारी साइट काढायची ठरवलीत, फार छान केलंत. अशा साइटची टंचाईच आहे. बिचाऱ्या माणसाला एका तिकिटासाठी जेमतेम आठ टॅब उघडायला मिळतात.

साइट 'यूजर फ्रेंडली' हवी, असं तुमच्या गुंतवणूकदाराने सांगितलंच असेल. मराठीत आपण त्याला ग्राहकस्नेही म्हणतो आणि हा शब्द जास्त खरा आहे. स्नेह म्हणजे माया, हे शाळेतलं झालं. एखाद्या वैद्यांना विचारा, ते सांगतील, स्नेह म्हणजे तेल, तूप, जे जे ओशट ते. ग्राहकस्नेही साइट म्हणजे पहिल्या पायरीवर पाय ठेवला की माणूस थेट पैसे भरायच्या पानावर जाऊन आदळला पाहिजे. तेल फक्त उतारालाच लावायचं, एवढं ध्यानात ठेवा. परत वर यायच्या वाटेवर बाभळीचे काटे पसरा.

सुरुवात आकड्यापासून करू. पुणे ते नागपूर, २,४९९ रुपये. भला मोठा, हिरवा, शेजारी हसरं कुटुंब. हा आकडा खोटा नसतो, त्याची काळजी करू नका. स्थळ सुचवताना मुलाचं वय सांगतात तसा तो असतो: चूक नाही, फक्त थोडा आधीचा. पुढे त्यात इंधन अधिभार यायचा आहे, विमानतळाची यूजर डेव्हलपमेंट फी यायची आहे, सुरक्षा शुल्क यायचं आहे, इकॉनॉमीवरचा ५ टक्के जीएसटी यायचा आहे. तुमच्या संगणकाला हे पहिल्या सेकंदालाच ठाऊक असतं. पण पाहुणा दारात आला की लगेच घरातली आजारपणं सांगत सुटतो का आपण? आधी पाणी, मग चहा, मग हळूच.

काही भाबड्या साइट करांसकट भाडं दाखवतात. त्यांनीही निराश होऊ नये, हुकमाचा पत्ता अजून हातात आहे: सुविधा शुल्क. ते माणशी लावायचं आणि जाण्याचं वेगळं, येण्याचं वेगळं. समजा ३९९ ठेवलंत, तर चौघांच्या घराला जाऊन-येऊन ३,१९२ रुपये. सुविधा कसली, असं कोणी विचारेल. विमान त्याने शोधलं, चार नावं आधार कार्ड समोर धरून त्याने टाइप केली, ओटीपी त्याने भरला, तिकिटाची प्रिंट सोसायटीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्याने काढली. मग सुविधा कोणाची? शुल्काच्या नावात ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि हेच त्या नावाचं सौंदर्य आहे.

या बाबतीत आपल्या ग्राहकाची तयारी जुनी आहे. २००३ साली एअर डेक्कन आली, पुढे एक रुपयाच्या तिकिटाची गोष्ट घरोघरी पोचली आणि ज्यांनी विमान फक्त गच्चीवरून पाहिलं होतं ती माणसं विमानात बसली. कर वेगळे असतात हे त्यांना तेव्हाच कळलं. पण डोक्यात राहिला तो रुपया. तुमचं पहिलं पान त्याच रुपयाला उद्देशून लिहा.

आता यादीचा क्रम. हा धंद्याचा प्राण, आणि ही अक्कल इंटरनेटच्या कितीतरी आधीची. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमला हाताशी धरून १९६० च्या दशकात सेबर नावाची आरक्षण यंत्रणा उभी केली. पुढे ती ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर गेली. तेव्हा लक्षात आलं, की घाईतला एजंट पडद्यावरच्या वरच्या ओळी वाचतो आणि तिकीट फाडतो. मग वरच्या ओळींत कोणाची विमानं दिसायला लागली, हे सांगायला नको. बोभाटा अमेरिकी संसदेपर्यंत गेला. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी लपवाछपवी केली नाही. आमची विमानं वर दिसावीत यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला, अशा अर्थाचं त्यांनी सरळ सांगून टाकलं. १९८४ साली सरकारने असा पक्षपात बंद करणारे नियम आणले.

क्रँडलसाहेबांची चूक एकच, खरं बोलले. तुम्ही त्याच क्रमाला 'आमची शिफारस' म्हणा. कोणाला कमिशन जास्त, कोणाची जाहिरात आहे, हा तपशील शिफारस करणाऱ्याने सांगायचा नसतो. 'सर्वात स्वस्त' हा पर्याय मात्र ठेवा. त्यावर बोट ठेवलं की पुण्याहून नागपूरला जाणारं विमान दिल्लीमार्गे दाखवा, मध्ये नऊ तास मुक्काम. ग्राहक कुरकुरणार नाही. महाराष्ट्रात कुठेही पोचायचं तर आधी दिल्लीला हजेरी लावावी लागते, याची मराठी माणसाला सवय आहे.

चौघांचं तिकीट एकत्र शोधणारं कुटुंब तर तुमचं दैवत. विमानातल्या खुर्च्या सारख्या दिसल्या तरी भावाच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. सगळ्यात स्वस्त कप्प्यात तीनच जागा उरल्या आणि माणसं चार असली, तर यंत्रणा चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लावते. 'तिघांचं आधी काढा, चौथ्याचं वेगळं काढा, पैसे वाचतील' अशी एक ओळ पडद्यावर टाकणं तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं आहे. म्हणूनच सांगतो, प्रोग्रामर नवखा असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. उत्साहाच्या भरात टाकून बसेल.

विमानतळांच्या बाबतीत ग्राहकावर फार माहिती लादू नये. माझाच अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यात मला मुंबईहून मडगावला मावशीकडे जायचं होतं. 'गोवा' असं लिहिलं, साइटने प्रेमाने 'गोवा, सर्व विमानतळ' निवडलं आणि इतरांपेक्षा ४०० रुपयांनी स्वस्त विमान काढून दिलं. खाली मोहरीएवढ्या राखाडी अक्षरांत विमानतळाच्या खुणेची तीन इंग्रजी अक्षरं होती, जीओएक्स. मडगावला जवळच्या दाबोळी विमानतळाचं जीओआय. एका अक्षराचा तर फरक, त्यात काय एवढं, असं मीही म्हटलं असतं, दिसला असता तर.

उतरलो. बॅग घेतोय तोवर मावशीचा फोन.

"अरे, मी दाराशीच उभी आहे. कुठल्या दारातून येतोयस?"

मी दाराचा नंबर सांगितला. ती म्हणाली, असा नंबर इथे नाही. मग मी समोर काय दिसतं ते सांगितलं: नवंकोरं छत, लांबवर हिरवा माळ, पाऊस. पलीकडे क्षणभर शांतता.

"मेल्या, मोपाला उतरलास तू! तिथून बांदा जवळ, मडगाव नव्हे. मी दाबोळीला छत्री घेऊन उभी आहे."

मोपा पेडण्यात, गोव्याच्या पार उत्तर टोकाला, २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला विमानतळ. मडगाव दक्षिणेत. पावसात टॅक्सीने दोन तासांच्या आसपास लागले आणि वाचवलेले ४०० रुपये पर्वरी यायच्या कितीतरी आधी संपले. पण यातलं काहीही तुलनेच्या तक्त्यात दिसत नाही, हे लक्षात घ्या. तक्त्यात मी आजही ४०० रुपये वाचवलेला सुखी ग्राहक आहे.

मग घाई. आपला माणूस रांग दिसली की आधी उभा राहतो आणि मग पुढच्याला विचारतो, कसली रांग आहे हो? म्हणून पडद्यावर गर्दी दाखवावी. २०१९ साली इस्रायलमधल्या एका संशोधक बाईंनी परदेशातल्या एका तिकीट साइटचा कोड उघडून पाहिला. 'या विमानाकडे आत्ता इतके लोक बघत आहेत' हा आकडा तिथे २८ ते ४५ मधून यदृच्छेने उचलला जात होता. कोणी बघत असो वा नसो. यातली रसिकता पाहा: २७ नाही, ४६ नाही. शंभर लिहिलं असतं तर संशय आला असता, पाच लिहिलं असतं तर चहा पिऊन येऊ असं वाटलं असतं. कोणीतरी या दोन आकड्यांसाठी मीटिंग घेतली असणार. तुम्हीही घ्या.

कल्पना सुचत नसतील तर सरकार मदतीला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे पडद्यावरून ग्राहकाला गंडवायच्या क्लृप्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात त्यांचे १३ प्रकार, व्याख्या आणि उदाहरणांसह. ग्राहकाचं तेरावं घालायला इतकी नेटकी यादी शिकवणीतही मिळाली नसती. खोटी घाई त्यात आहे. टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं आहे. मघाशी सांगितलेला थेंबाथेंबाने वाढणारा भावही आहे. ठिबक सिंचनाच्या महाराष्ट्राला ते तंत्र वेगळं समजवायला नको, पाणी मुळाशी आणि खिशातून. आणि ग्राहकाला लाजवण्याच्या प्रकाराचं उदाहरण तर थेट आपल्याच धंद्यातलं दिलं आहे: विमानाचं तिकीट काढताना विमा नाकारणाऱ्याला 'मी असुरक्षित राहीन' या वाक्यावर टिचकी मारायला लावणं. मराठीत आपण याहून पुढे जाऊ शकतो. 'नको, आईबाबांचं काय व्हायचं ते होवो' असं बटण करा. कोणाची छाती आहे दाबायची?

युरोपात २००८ च्या नियमाने विम्यासारख्या जादा गोष्टींवर आधीच खूण करून ठेवायला बंदी आली. ग्राहकाने स्वतः निवडलं तरच पैसे घ्यायचे. तरी तिथल्या एका स्वस्त विमान कंपनीने मार्ग काढला. विम्यासाठी 'राहण्याचा देश निवडा' अशी यादी दिली आणि 'विमा नको' हा पर्याय त्या यादीतच ठेवला, डेन्मार्क आणि फिनलंडच्या मध्ये. देशांच्या यादीत विमा न घेणाऱ्यांचा एक स्वतंत्र देश! आपल्याकडे करायचं झालं तर गावांच्या यादीत विटा आणि वेंगुर्ल्याच्या मध्ये खपून जाईल.

सीट निवडायचं पान आलं की नकाशात जिथे तिथे भाव लिहा आणि 'सध्या नको' हे शब्द ढगाच्या रंगात, ढगावर लिहा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांशेजारी जागा द्यावी, असं विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएने २०२४ साली विमान कंपन्यांना बजावलं आहे. पण त्या पानावर आईच्या मनात डीजीसीए नसतं. तिच्या मनात १४ एफवर एकटं बसलेलं पोर असतं. तो नियम तिथे छापून तिचं लक्ष विचलित करू नका.

मराठीचा पर्याय अवश्य द्या, अस्मितेचा प्रश्न आहे. भाषांतर यंत्राकडून करून घ्या आणि वाचून मात्र बघू नका. 'बुक नाउ'चं 'पुस्तक आता' झालं तरी लोक हसून पुढे जातात. 'इकॉनॉमी क्लास'चं 'अर्थव्यवस्था वर्ग' होईल, ते तर तसंच ठेवा. नियम आणि अटी तेवढ्या इंग्रजीतच राहू द्या, त्या वाचण्यासाठी नसतातच.

शेवटी परतावा. इथे जरा जपून, कारण नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे तिकीट रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या वर जाता कामा नये आणि तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी कर आणि विमानतळाची फी परत द्यावीच लागते. घाबरू नका. नियम तुमच्या पानावर लिहिलेला नाही, तोवर तो दिल्लीतच आहे. रद्द करायचं बटण 'माझं खातं', मग 'माझ्या सहली', मग 'आणखी', मग 'मदत' असं ठेवा आणि तिथे एक यंत्रसखी, म्हणजे चॅटबॉट, बसवा. जिव्हाळ्याचं नाव द्या, ओवी वगैरे. माझं तिच्याशी झालेलं संभाषण नमुन्यादाखल देतो. मी लिहिलं, 'रद्द केलेल्या तिकिटाचे कर परत हवेत.' ती म्हणाली, 'अरे वा! कुठे फिरायला जायचं आहे?' मी लिहिलं, 'कुठेही नाही.' तिने मला 'कुठेही'च्या जवळच्या उच्चाराचं गाव शोधून दिलं: कुलू. वीस मिनिटांनी २१२ रुपये मिळाले, साइटच्याच पाकिटात, ९० दिवसांसाठी. सुविधा शुल्क त्यातून भरता येत नाही.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. मडगावच्या बाजारात, कापडाच्या दुकानावर, एक तिकीटवाला बसतो. माझं परतीचं तिकीट मावशीने त्याच्याकडून काढून घेतलं, मला मोबाइलला हात लावू दिला नाही. फोन केला, तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "दाबोळी की मोपा?" दुसरा प्रश्न, "कोण येतंय सोडायला, बाई? मग दुपारचंच घ्या, रात्रीचं स्वस्त आहे पण तुम्हाला एकटीला परत यायचंय." मग एकच आकडा सांगितला आणि म्हणाला, "ह्यात दोनशे माझे." चार मिनिटं लागली. ना घड्याळ उलटं चाललं, ना कोणी ४५ लोक बघत होते. दुसऱ्या दिवशी मावशीने पैसे दिले, तेव्हा तो आकडा तोच होता.

तुमच्या तुलनेच्या तक्त्यात या माणसाला कुठल्या रकान्यात बसवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.