लेखक येतोय? खुनी आधीच सांगून टाका

तुमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने रहस्यकथाकाराला बोलवायचं ठरवलंय म्हणे. उत्तम. फक्त तारीख त्याला विचारून ठरवू नका. 12 ऑगस्टला ग्रंथालय दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. यातला एखादा गाठा. तो अहवालात शोभतो. अहवाल शोभला की सरकारी दर्जाच्या 'क' वर्गातल्या वाचनालयाला वरच्या 'ब' वर्गाची स्वप्नं पडतात, आणि अनुदानाच्या फायलीला फोटो लागतोच. फोटोत समईजवळ लेखकही येईल असं बघा.

मानधनाचा विषय त्याने काढला तर "वाचनालय तुमचंच आहे" म्हणा. एसटीच्या भाड्याचं विचारलं तर "पाकीट आहे ना" म्हणून हसा. त्यात काय आहे हे तो घरी पोचेपर्यंत कळणार नाही. त्या संध्याकाळी टिकणारं रहस्य तेवढंच.

परिचयाचं काम निवृत्त मुख्याध्यापकांकडे द्या. ते नवी कादंबरी रात्रभर जागून, लाल पेन्सिलीने खुणा करत वाचतील आणि माइकवर पहिलंच वाक्य टाकतील, "डॉक्टरच खुनी निघेल असं मला तरी वाटलं नव्हतं!" टाळ्या पडतील. पुस्तकासाठी नंबर लावून बसलेले सभासद एकमेकांकडे बघतील, लेखक पाणी पिईल. सरांना दोष देऊ नका, ही वाचनालयाची जुनी परंपरा आहे. आमच्या लहानपणी आत पहिल्याच पानावर पेन्सिलीने 'खुनी – माळी' लिहिलेलं असायचं. ज्या प्रतीत ते नसायचं, तिचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेलं असायचं. दोन्हींतलं काय बरं, हे आपण ठरवायचं.

अध्यक्षांनी बाबूराव अर्नाळकरांचं नाव घ्यायलाच हवं. चंद्रकांत सखाराम चव्हाण नावाच्या माणसाने या टोपणनावाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड हे नायक घराघरांत पोचवले, एवढं सांगून पुढे लगेच म्हणावं, "आम्हीही ते चोरून वाचायचो, पण आता तरुणांनी गंभीर वाचनाकडे वळायला हवं." पाहुणा शेजारीच बसलेला आहे, याचं भान सुटलं तरी चालेल.

लेखकाने भाबडेपणाने विचारलंच, "इथे अर्नाळकर आहेत का हो?", तर "बाइंडिंगला गेलेत" सांगा. खरं कारण बाद पुस्तकांच्या रजिस्टरात असतं. हातोहात फिरून ज्यांची पानं सुटतात ती पुस्तकं बाद होतात. ज्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, ती समग्र वाङ्मयं काचेच्या कपाटात सुखरूप राहतात. फोटो काढताना मागे तेच कपाट येऊ द्या.

प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं पुष्कळ झाली. "तुम्हाला हे सगळं सुचतं कसं?" आणि "घरच्यांना भीती नाही वाटत?" हे दोन प्रश्न आपल्या माणसांना आधीच वाटून ठेवा. धोका मागच्या रांगेतल्या निवृत्त फौजदारांचा. ते उठून सांगतील की पंचनामा असा होत नसतो, पंच मिळवताना काय नाकी नऊ येतात ते ऐका. (ते बोलायला लागले की लेखक पहिल्यांदाच खिशातून वही काढतो. सगळ्या कार्यक्रमात ऐकण्यासारखं तेवढंच असतं.) त्यांना ताबडतोब बसवा, चहा निवतोय.

विक्रीचं टेबल दाराशी मांडा, म्हणजे लोकांना त्याला वळसा घालून चपला घालता येतील. प्रत्येक जण पुस्तक उचलेल, किंमत बघेल आणि विचारेल, "वाचनालयात येईलच ना?" येईल की. लेखकाकडून एक प्रत 'सप्रेम भेट' मागून घ्या, तिथल्या तिथे दाखल नंबर टाका, शिक्का मारा. शिक्का त्याच्या सहीवरच बसला पाहिजे.

शाल-श्रीफळ काखोटीला मारून जाण्याआधी लेखक कपाटात स्वतःचं जुनं पुस्तक शोधेल. शोधू द्या. सापडेलही, शेवटचं पान तेवढं नसेल.