पहिला फ्लाय रॉड कसा घ्यावा (खिसा जड झाला असेल तर)

हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात जाऊन फ्लाय रॉडने, म्हणजे फ्लाय फेकायच्या गळाच्या काठीने, ट्राउट मासा पकडायचं मनात आलंय ना, मग एक गोष्ट आधीच पक्की करा, जाणकार माणसाला काही म्हणजे काही विचारायचं नाही. तो पटकन सांगून मोकळा होईल की बाबा रे, 9 फुटी, 5 नंबरचा, मीडियम-फास्ट, चार तुकड्यांचा रॉड घे आणि सरावाला लाग. झालं? विषय एवढ्यातच संपला तर ऑफिसात लॅपटॉपवर बघायचं काय?

त्यापेक्षा स्वतः रिसर्च करा. मुठीच्या वर बारीक अक्षरात तो 5 लिहिलेला असतो, तो रॉडच्या वजनाचा नाही, माशाच्याही नाही, लाइनचा, म्हणजे रॉडला ओवायच्या दोरीचा असतो. कारण फ्लाय म्हणजे हुकला गुंडाळलेलं पीस आणि दोरा, त्याला स्वतःचं वजन असं नाहीच, फेकली जाते ती लाइन आणि फ्लाय आपला तिच्यामागे फरफटत जातो. 5 नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात, सगळा खेळ त्या 9 ग्रॅमचा. हे वाचून लगेच विसरा, नाहीतर चांगल्या लाइनवर पैसे घालवायची दुर्बुद्धी व्हायची. रॉड भारीतला, लाइन मिळेल ती. लाइन कोणाला दिसते? ब्रँडचं नाव तर रॉडवर असतं.

आणि 5च का हो? सरळ 8 किंवा 10 घ्या. तो महाशीरसारखे दांडगे मासे पकडणाऱ्यांचा रॉड आहे हे खरं, पण तीर्थनमधल्या वीतभर ब्राउन ट्राउटला तो लावलात की मासा गळाला लागला कधी आणि सुटला कधी काहीच कळत नाही, म्हणजे वाईट वाटायचंही कारण नाही. (टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक दोरा, घेताना मात्र सावध, तिथे 5 एक्स हा 4 एक्सपेक्षा बारीक निघतो, आणि हुक 18 नंबरचा 12 पेक्षा लहान. कोणी ठरवलंय हे सगळं देव जाणे.)

ॲक्शन, म्हणजे रॉड कसा वाकतो ते, विचारली तर डोळे झाकून ‘फास्ट’ म्हणा. फास्ट रॉड फक्त टोकाकडे वाकतो, टायमिंग जरा चुकलं की माफ करत नाही आणि नवशिक्याला लाइनचा भार हाताला जाणवतच नाही, पण नावातच फास्ट आहे म्हटल्यावर स्लो घेऊन चारचौघांत नाक कापून घ्यायचं का?

दुकानात रॉड हातात आला की भेंडीचं टोक मोडून बघतात तसं गंभीर चेहऱ्याने टोक हलवून बघायचं आणि ‘हं’ म्हणायचं. लाइन न ओवता हलवून काय कळतं? काडीचंही नाही. पण ‘हं’ म्हटलं की दुकानदार आतला महागडा पीस काढतो, अन् आपण तिथे आलोय ते त्यासाठीच.

अजून पैसे उरले तर बांबू. चीनमधला टोन्किन बांबू चिरून सहा पट्ट्या चिकटवतात आणि षटकोनी रॉड करतात, हाताने, फार देखणं काम, खोटं नाही. किंमत ऐकलीत की बांबू म्हणजे काय ते नीट समजेल. पण मासासुद्धा साहेबानेच 1909 च्या सुमारास कुलूत आणून सोडलेला, मग थाटही साहेबीच पाहिजे. ग्राफाइटचा रॉड काय, कोणीही घेतो.

सरावाच्या फंदात पडू नका. लोक सांगतील की फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून मैदानावर जा, रॉड घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्ये थांबव, लाइन मागे सरळ होऊ दे मगच पुढे आण. एवढा धीर असता तर आपण मुळातच काकांसारखे कणकेची गोळी लावून धरणावर बसलो नसतो का? द्या जोरात झटका, चाबकासारखा फाट आवाज येतो, फ्लाय तुटून कुठेतरी जातो आणि बघणाऱ्याला वाटतं काय जबरदस्त कास्ट मारला.

आता ट्रिप. डिसेंबर बेस्ट, मुलांना सुट्ट्या असतात. हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते, त्यामुळे फिशरीज खात्याकडे लायसन्ससाठी खेपा नाहीत, नवीन रॉडला ओरखडा नाही, नदीकाठी रॉडची ट्यूब खांद्याला लावून फोटो काढा आणि मासा का नाही विचारलं तर सरळ सांगा, आम्ही नियम पाळतो.