आधार कोल्हापूरचा

कोल्हापुरात स्वतःचे घर असलेल्या माणसाने कोल्हापुरातल्याच हॉटेलात का झोपावे, याला मुलाचे लग्न एवढे एकच समाधानकारक कारण असू शकते. मे महिना होता आणि पाहुण्यांनी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा अडवल्या होत्या. तेव्हा वरपित्याचा मान राखून मला आणि साताऱ्याच्या साडूभाऊंना, दोघेही घोरतात या सबबीवर, उद्यमनगरातल्या एका जुन्या फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, रवाना करण्यात आले. फौंड्रीचे आता हॉटेल झाले आहे आणि तेथील एका रात्रीच्या भाड्यात मांडवाची निम्मी खुर्ची-टेबले आली असती.

काउंटरवरच्या तरुणाने माझे आधार कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिले आणि चेहरा पाडला.

"सर, हे कोल्हापूरचं आहे."

"मीही कोल्हापूरचाच आहे."

"लोकल गेस्ट आपण घेत नाही, सर. पॉलिसी आहे."

हे तो ज्या काउंटरमागून सांगत होता, तो काउंटर म्हणजे जुन्या लेथचा, कातकामाच्या यंत्राचा, बेड होता. बाजूला काचेच्या पेटीत कोल्हापुरी चपलांचा जोड प्रकाशझोतात ठेवला होता आणि स्वागतासाठी वाटीत गुळाचे खडे होते. मागच्या भिंतभर मोठे कृष्णधवल छायाचित्र लावले होते : बंडी घातलेले मोल्डर म्हणजे साचे करणारे कामगार, हातात वितळलेले लोखंड ओतायचे लाडल, पायाशी वाळूचे साचे. यातले प्रत्येक लोकल त्या इमारतीत सुखाने नांदत होते. हरकत होती ती फक्त हिंडत्याफिरत्या लोकलला.

"पण पॉलिसी कशासाठी?"

"लोकल लोकांचा त्रास होतो, सर. म्हणजे तुमचा नाही. जनरल लोकलचा."

"तुम्ही कुठले?"

"मी कागलचा."

"मग तुम्हाला इथं खोली मिळेल का?"

तो प्रामाणिकपणे विचारात पडला. "कागल बसतंय का, विचारावं लागेल," असे म्हणून त्याने खरोखरच फोन उचलला आणि व्यवस्थापकाला विचारले. पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगितले जात होते आणि हा नुसते "हां सर, हां सर" करीत होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "जिल्हा कोल्हापूर म्हणजे लोकलच, सर." तो इतका हिरमुसला की त्याची समजूत मलाच घालावी लागली. मग मी पासपोर्ट चालेल का, असे विचारले. त्याचे डोळे चमकले.

"चालतोय की! पत्ता कुठला आहे त्याच्यावर?"

"राजारामपुरी."

"मग तोच प्रॉब्लेम झाला ना, सर."

१८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवताना शाहू महाराजांनी बाहेरच्या व्यापाऱ्यांना येण्याचे निमंत्रण दिले, हे खरे आहे. परंतु म्हणून गावच्या माणसाने दाराबाहेर थांबावे, असा हुकूम त्यांनी काढल्याचे ऐकिवात नाही. मी हे मोठ्याने बोलून दाखवणार, तोच साडूभाऊंनी आपले साताऱ्याचे आधार कार्ड, पत्त्यांच्या डावात हुकमाचे पान टाकावे तसे, काउंटरवर टाकले. नोंदवहीत त्यांचे पूर्ण नाव लिहिले गेले आणि त्याखाली 'सोबत : १ इसम' अशी नोंद झाली. तो इसम मी. अनामत रक्कम मात्र त्या इसमाने भरली.

खोलीचे नाव 'क्युपोला', म्हणजे लोखंड वितळवण्याची भट्टी, असे होते. उशाशी ठेवलेल्या कार्डावर माहिती होती की, याच जागी कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी यांचे थर देऊन भट्टी पेटवली जात असे आणि सुमारे १२०० अंशांना वितळलेले लोखंड खालच्या तोंडातून काढले जात असे. पत्र्याचे छप्पर मूळचेच राखलेले असल्यामुळे, एसी दमल्यावर त्या माहितीचा पडताळा आपोआप मिळाला.

छपराबद्दल थोडे सांगितले पाहिजे. जुन्या कारखान्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते आणि त्यातली उभी काच उत्तरेकडे ठेवतात. म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि उजेड मात्र दिवसभर सारखा मिळतो. ज्याला साच्याची कड नजरेने तपासायची आहे, त्याच्यासाठी ही योजना उत्तम आहे. मला पहाटे साडेपाचला कसलीही कड तपासायची नव्हती. पडद्याची विचारणा केली, तेव्हा पडद्याने वास्तूचे सौंदर्य झाकले जाते, असे उत्तर मिळाले. याचा मला अजूनही राग आहे. इमारत इतक्या मायेने जपणाऱ्यांना, तिच्यात झोपायला पैसे देऊन आलेल्या माणसाचे डोळे जपावेसे वाटू नयेत? गंजलेले कठडे वार्निश लावून राखता येतात आणि चार हात कापड टांगता येत नाही!

सकाळी नाश्त्याला 'गावाकडची मिसळ' होती. वाढणाऱ्या मुलाने माझ्याकडे काळजीने पाहत विचारले, "सर, तिखट झेपेल ना? नाहीतर तुमच्यासाठी कट कमी घालतो." साताऱ्याच्या पाहुण्याला त्याने काहीही विचारले नाही.

निघताना अभिप्रायाचा छापील कागद पुढे आला. 'कोल्हापूर कसे वाटले?' या प्रश्नापुढे मी पेन उघडले, पण खोली ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच लिहायचे असते, असे मला सांगण्यात आले. साडूभाऊंनी चष्मा लावून, सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले : 'गाव चांगले आहे. माणसे थोडी तापट वाटली.'

अनामत रक्कम नियमाप्रमाणे त्यांच्याच खात्यावर परत जमा झाली आहे. त्यानंतर साताऱ्याहून रोज सकाळी सुविचार येतो. पैशांचा विषय अद्याप निघालेला नाही, आणि तो मी काढू नये, असे घरातून मला दोनदा बजावण्यात आले आहे.