एका वडीने काय होतंय?

मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे आणि तिला शाळेतही घालायचंय? हौस दांडगी. मग एवढं करा.

अ‍ॅलर्जी हा शब्द काढू नका. 'उपास आहे' म्हणा, लोक ऐकतात. (मग साबुदाण्याची खिचडी पुढे येईल, कूट घालून. तो प्रश्न वेगळा.)

डॉक्टरांचं पत्र दोन प्रतींत द्या. एक हरवायला, एक फायलीत पुरायला.

अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन (अ‍ॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात लगेच टोचायचं ते) ऑफिसात ठेवायला द्या. ते कपाटात जातं, कपाटाला कुलूप, किल्ली क्लार्ककडे. या संक्रांतीला बाईंनी माझ्या लेकीच्या हातावर वडी ठेवली. "यात कूट आहे का?" सात वर्षांची पोर विचारते! बाई म्हणाल्या, "तिळाची आहे गं, एका वडीने काय होतंय?" ओठ सुजले, आवाज बसला, तरी बाई ओवा शोधतायत. ओवा! क्लार्क निवडणुकीच्या कामावर, किल्ली त्याच्या खिशात. मी स्कूटर दामटत पोचले, पर्समधलं दुसरं इंजेक्शन मांडीत टोचलं, तशीच हॉस्पिटलात नेली. दुसऱ्या दिवशी शाळेने तातडीने पाऊल उचललं : माझ्याकडून हमीपत्र मागितलं. काही झाल्यास शाळा जबाबदार नाही.

नियम विचारू नका. "तसा जीआर नाही, मॅडम." बिस्किटाच्या पुड्यावर शेंगदाणा, दूध, अंडं छापायची सक्ती आहे, बाईंच्या डब्यातल्या वडीवर कोण छापणार?

कॅनडाचं नाव तर मुळीच काढू नका. तिथे ऑन्टारिओत सब्रीना शॅनन ही १३ वर्षांची मुलगी २००३ साली शाळेच्या कॅन्टीनमधले फ्रेंच फ्राइज खाऊन दगावली. तिला दुधाची अ‍ॅलर्जी होती. संशय चीज लागलेल्या चिमट्यावर. २००५ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, १ जानेवारी २००६ पासून लागू. अशा प्रत्येक मुलासाठी लेखी योजना, शिक्षकांना प्रशिक्षण, आणि प्रामाणिक हेतूने इंजेक्शन देणाऱ्या शिक्षकावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही.

हे शेवटचं पुन्हा वाचा, मुख्याध्यापक सर. सुई टोचायची भीती वाटते ना तुम्हाला? वाटणारच. मग हा कायदा तुम्हालाही वाचवणारा आहे, तो मागायला तुम्ही आमच्या पुढे असायला हवं होतं. ते सोडून हमीपत्रं कसली छापता? लेकीचा जीव मी कागदावर सही करून देऊ? नाही करत सही, जा. आणि जीआर येईल तेव्हा येईल, त्या कपाटाचं कुलूप आज काढा.